हवेचा दाब: एककं कशी वाचायची, कशी बदलायची आणि चूक नेमकी कुठे होते

समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवरचं एक ठिकाण घ्या. हवेचं तापमान २५ अंश सेल्सिअस. तिथे एकाच क्षणी हवेच्या दाबाचे पाच आकडे तुमच्यासमोर येऊ शकतात: ९५०.०, ७१२.६, २८.०५, १०१२.६ आणि १०१५. पाचही बरोबर असू शकतात. पहिले तीन म्हणजे एकच दाब तीन वेगवेगळ्या एककांत: हेक्टोपास्कल, मिलिमीटर पारा आणि इंच पारा. उरलेले दोन पहिल्याच एककात आहेत, पण ते त्या जागेवरचा दाब सांगतच नाहीत.

एककांचं कोष्टक पाठ असलेली माणसंही इथेच अडकतात. कोष्टक वापरून ९५० चे ७१२.६ करता येतात. ९५० चे १०१२.६ मात्र कोणत्याही कोष्टकातून निघत नाहीत, कारण तिथे बदललाय तो संदर्भ. म्हणून हवेच्या दाबाचा कुठलाही आकडा हाती आला की तीन गोष्टी एकत्र बघायच्या: आकडा, त्याचं एकक, आणि तो कोणत्या पातळीचा आहे ते. हे उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू.

पास्कल आणि हेक्टोपास्कल

दाब म्हणजे ठरावीक क्षेत्रफळावर पडणारं बल. एक चौरस मीटरवर एक न्यूटन बल पडलं की एक पास्कल. हे नाव १९७१ साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आलं. पास्कल किती लहान असतो याचा अंदाज हवा असेल तर झेरॉक्ससाठी वापरतात तो ८० जीएसएमचा एक कागद टेबलावर सपाट ठेवा. त्याच्या वजनाने टेबलावर पडणारा दाब साधारण ०.८ पास्कल असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी १,०१,३२५ पास्कल, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोहून थोडं जास्त वजन.

एवढा मोठा आकडा दर तासाला लिहिणं गैरसोयीचं. म्हणून हवामानशास्त्रात शंभर पास्कलचा एक हेक्टोपास्कल वापरतात. ‘हेक्टो’ हा उपसर्ग इतरत्र फारसा दिसत नाही. इथे तो आला त्यामागे कारण आहे. हवामानखात्यांच्या नोंदी आधीपासून मिलिबारमध्ये होत्या आणि एक मिलिबार म्हणजे बरोबर शंभर पास्कल. एकक बदललं तरी जुन्या नोंदवह्यांतला एकही आकडा बदलावा लागू नये म्हणून हेक्टोपास्कल निवडला. जागतिक हवामान संघटनेने १९८६ पासून मिलिबारऐवजी हे नाव वापरात आणलं. त्यामुळे जुन्या नकाशावर १००८ मिलिबार लिहिलं असेल तर आजच्या भाषेत ते १००८ हेक्टोपास्कल. काहीही गुणाकार करायचा नाही.

हेक्टोपास्कल डोळ्यांनी पाहायचा असेल तर पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ घालून पाणी एक सेंटिमीटर वर ओढा. त्यासाठी तोंडात दाब जेवढा कमी करावा लागतो तो जवळपास एक हेक्टोपास्कल. नेमकं सांगायचं तर १.०२ सेंटिमीटर पाणी.

कॅनडासारख्या ठिकाणी सर्वसामान्यांसाठीच्या हवामान वृत्तात किलोपास्कल दिसतो. तिथे १०१.३ असं वाचलं तर दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकवा. चिन्ह इंग्रजी अक्षरांत लिहिताना लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष हवं. हेक्टोपास्कलमध्ये एच लहान, पी मोठा, ए लहान. मिलिपास्कल आणि मेगापास्कल यांच्यात फरक फक्त एम लहान की मोठा एवढाच दिसतो, पण प्रत्यक्षात तो अब्जपटीचा आहे.

पाऱ्याची एककं

१६४३ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीच्या प्रयोगात एका बाजूने बंद काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली गेली. पारा नळीत सुमारे ७६० मिलिमीटरवर थांबला. मिलिमीटर पारा आणि इंच पारा ही एककं तिथूनच आली. १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या मेव्हण्याने असाच नळा फ्रान्समधल्या पुई द डोम या डोंगरावर नेला आणि वर चढल्यावर पारा खाली उतरला. हवेला वजन आहे आणि उंचीनुसार तिचा दाब कमी होतो, हे त्यातून सिद्ध झालं. एकक आणि उंची यांचं नातं तेव्हापासूनचं आहे.

लांबीच्या एककाने दाब मोजायचा तर पाऱ्याची घनता आणि गुरुत्वाकर्षण ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर त्या मिलिमीटरला अर्थ उरत नाही. ठरलेलं असं: पारा शून्य अंश सेल्सिअसला, घनता १३.५९५१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, गुरुत्वत्वरण ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग. या अटींवर एक मिलिमीटर पारा म्हणजे १.३३३२२ हेक्टोपास्कल. टॉर हे एकक जवळपास तेवढंच आहे. त्याची व्याख्या मात्र वेगळी: प्रमाण ॲटमॉस्फिअरचा ७६० वा भाग. दोघांत फरक आहे तो सत्तर लाखांत एक इतका, म्हणून रोजच्या कामात टॉर आणि मिलिमीटर पारा एकच धरायला हरकत नाही.

इंच पाऱ्याची गोष्ट इतकी सरळ नाही. शून्य अंश सेल्सिअसच्या पाऱ्याचा एक इंच म्हणजे ३३.८६३९ हेक्टोपास्कल. पण अभियांत्रिकीच्या काही कोष्टकांत ६० अंश फॅरनहाइटच्या पाऱ्याचा इंच घेतात. तो ३३.७६८५ हेक्टोपास्कल. फरक क्षुल्लक वाटतो, पण ३० इंचांना गुणलं की जवळजवळ २.९ हेक्टोपास्कलची तफावत पडते. हवामानासाठी नेहमी शून्य अंशाचाच गुणक घ्या.

बार, ॲटमॉस्फिअर आणि पीएसआय

बार म्हणजे बरोबर एक लाख पास्कल, अर्थात १००० हेक्टोपास्कल. ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१३.२५ हेक्टोपास्कल, ही व्याख्या १९५४ ची. दोन्ही जवळजवळ सारखे असल्यामुळे अनेक जण एकाच्या जागी दुसरं वापरतात. हवामानाच्या कामात १३ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे शांत दिवस आणि जोरदार कमी दाबाचं क्षेत्र यांच्यातला फरक असू शकतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकांतही ही गल्लत सापडते, कारण १९८२ पासून तिथला प्रमाण दाब एका ॲटमॉस्फिअरऐवजी एक बार धरायची शिफारस झाली. जुनं कोष्टक आणि नवं सूत्र एकत्र वापरलं की उत्तर १.३ टक्क्यांनी सरकतं.

‘टेक्निकल ॲटमॉस्फिअर’ हा तिसराच प्रकार. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम वजन, म्हणजे ९८०.६६५ हेक्टोपास्कल. जुन्या गेजवर हे एकक अजून दिसतं. नाव ॲटमॉस्फिअर असलं तरी प्रमाण ॲटमॉस्फिअरपेक्षा ते सव्वातीन टक्क्यांनी कमी आहे.

पीएसआय म्हणजे चौरस इंचावर एक पौंड, ६८.९४७६ हेक्टोपास्कल. हवामानासाठी हे एकक फार जाडंभरडं आहे. शिवाय त्यात एक सापळा आहे. टायरचा गेज ३२ पीएसआय दाखवतो तेव्हा तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब सांगतो, म्हणजे गेज दाब. आतला खरा, निर्वातापासून मोजलेला दाब त्यात १४.७ मिळवल्यावर येतो. हवामानातला दाब नेहमी निर्वातापासूनच मोजलेला असतो. टायरचा गेज मोकळ्या हवेत धरला की शून्य दाखवतो, कारण त्याचं शून्यच हवेच्या दाबावर बसवलेलं असतं.

रूपांतर: आधी हेक्टोपास्कल, मग बाकी सगळं

एका एककातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक वेळी हेक्टोपास्कलवरून जा. म्हणजे एकच यादी पुरते आणि गुणायचं की भागायचं याचा घोळ होत नाही. खालच्या आकड्याने गुणलं की हेक्टोपास्कल मिळतात, भागलं की हेक्टोपास्कलवरून परत त्या एककात जाता येतं.

मिलिबार: १
किलोपास्कल: १०
बार: १०००
मिलिमीटर पारा किंवा टॉर: १.३३३२२
इंच पारा: ३३.८६३९
ॲटमॉस्फिअर: १०१३.२५
किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर: ९८०.६६५
पीएसआय: ६८.९४७६
सेंटिमीटर पाणी: ०.९८०६६५

तोंडी हिशेबासाठी दोन खुणेचे आकडे लक्षात ठेवा. १००० हेक्टोपास्कल म्हणजे ७५० मिलिमीटर पारा, आणि १००० हेक्टोपास्कल म्हणजे २९.५३ इंच पारा.

पहिल्यावरून एक सोपी युक्ती निघते. हेक्टोपास्कलमधून पाव हिस्सा वजा केला की मिलिमीटर मिळतात. १०१२ मधून २५३ गेले, उरले ७५९. नेमकं उत्तर ७५९.०६ आहे. उलटं जायचं असेल तर मिलिमीटरमध्ये त्यांचाच एक तृतीयांश मिळवा.

इंचांसाठी २९.५३ पासूनचा फरक काढा आणि ३४ ने गुणा. २९.८५ इंच असेल तर फरक ०.३२, गुणाकार साधारण ११, म्हणजे सुमारे १०११. कॅल्क्युलेटरवर १०१०.८ येतं. इंचाचे तीन शतांश म्हणजे साधारण एक हेक्टोपास्कल, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.

रूपांतर केल्यावर दशांश स्थळं वाढवू नका. कुणी ७५९ मिलिमीटर असा पूर्णांक दिला असेल आणि तुम्ही १०११.९१ हेक्टोपास्कल लिहिलं, तर मूळ मापात नव्हती ती अचूकता तुम्ही मनानेच घातली. मूळ माप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत इकडे-तिकडे असू शकतं, म्हणजे पाऊण हेक्टोपास्कलपर्यंत. तिथे १०१२ एवढंच लिहायचं.

पाऱ्याच्या वायुदाबमापकावरून दाब काढणं

पारा विषारी असल्याने मिनामाता करारानुसार (पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) पाऱ्याच्या वायुदाबमापकांचं उत्पादन बंद करण्यासाठी २०२० ही मुदत ठरली. तरी जुन्या प्रयोगशाळांत फोर्टिन वायुदाबमापक भिंतीवर असतोच, आणि एककाची खरी ओळख त्याच्याइतकी दुसरं कुठलंच उपकरण करून देत नाही. वाचन घेण्याचा क्रम असा.

१. सर्वात आधी उपकरणाला जोडलेला तापमापक वाचा. समोर दोन-तीन मिनिटं उभं राहिलात की अंगाच्या उबेने तो चढतो आणि नळीतला पारा मात्र तेवढा तापलेला नसतो.

२. खालचा स्क्रू फिरवून भांड्यातला पारा वर आणा. वर हस्तिदंती टोक आहे. टोक आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना जेमतेम टेकले की थांबा. पाऱ्यावर खळगा पडला तर पारा जास्त वर आलाय. थोडा खाली घ्या आणि पुन्हा वर आणा.

३. नळीला बोटाने हलकेच टिचकी मारा. पारा काचेला चिकटून बसला असेल तर सुटतो.

४. व्हर्नियर (बारीक वाचनासाठीची सरकती पट्टी) खाली आणत पाऱ्याच्या फुगीर माथ्यावर टेकवा. माथ्याच्या बाजूने येणारा प्रकाश जिथे नेमका बंद होतो तिथे वाचन घ्या. डोळा व्हर्नियरच्या पातळीत हवा. कडेचा पारा वाचायचा नाही, माथा वाचायचा.

५. आता दुरुस्त्या. हा टप्पा गाळला की पुढचं सगळं वाया.

समजा वाचन ७५६.४० मिलिमीटर आलं, तापमान ३० अंश. पारा तापून प्रसरण पावलाय, म्हणजे स्तंभ खऱ्यापेक्षा उंच दिसतोय. पितळी पट्टीसह दर अंशाला ०.०००१६३ या प्रमाणात वजावट करायची: ७५६.४० × ०.०००१६३ × ३० = ३.७०. उरले ७५२.७०.

मग गुरुत्वाकर्षण. सुमारे १९ अंश अक्षांशावर समुद्रसपाटीजवळ गुरुत्वत्वरण ९.७८६ आहे, प्रमाण मूल्यापेक्षा कमी. पारा थोडा ‘हलका’ पडतो आणि तेवढाच दाब पेलायला स्तंभ उंच उभा राहतो. म्हणून ७५२.७० × ९.७८६ ÷ ९.८०६६५ = ७५१.१२. आता हेक्टोपास्कल: ७५१.१२ × १.३३३२२ = १००१.४.

दुरुस्त्या न करता थेट ७५६.४० ला गुणलं असतं तर १००८.४ आलं असतं. तब्बल सात हेक्टोपास्कलची चूक, आणि तीही सगळं रूपांतर अचूक करून. पट्टीवरचा मिलिमीटर आणि ‘मिलिमीटर पारा’ हे एकक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टीवर दिसते ती लांबी. एकक मिळतं ते दुरुस्त्यांनंतर. उपकरणाच्या प्रमाणपत्रावर स्वतःची निर्देशांक दुरुस्ती दिली असेल तर तीही लावायची.

नळी फुटली तर सांडलेल्या पाऱ्यावर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. त्याने थेंब बारीक होऊन वाफ वाढते. खिडक्या उघडा, माणसांना बाहेर काढा आणि जाणकाराला बोलवा.

जागेवरचा दाब आणि समुद्रसपाटीचा दाब

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे. ५६० मीटरवर उपकरण ९५०.० हेक्टोपास्कल दाखवतं. हा स्थानक दाब. शेजारचं गाव ३०० मीटरवर असेल तर तिथला आकडा मोठा असणार, पण त्याचं कारण हवामान नसून उंची. दोन ठिकाणांची तुलना करायची तर दोघांचा दाब समुद्रसपाटीवर आणावा लागतो. हिशेब असा:

तापमान केल्व्हिनमध्ये करा आणि मधल्या थराची भर घाला. खाली उतरताना दर मीटरला तापमान ०.००६५ अंशांनी वाढतं, म्हणून निम्म्या उंचीसाठी ०.००६५ × २८० = १.८२. एकूण २५ + २७३.१५ + १.८२ = २९९.९७.

याला २९.२७ ने गुणा: ८७८० मीटर. दाब ज्या गतीने उंचीबरोबर घटतो तिचं हे माप आहे.

५६० ला ८७८० ने भागा: ०.०६३७८. कॅल्क्युलेटरवर ई (२.७१८) या संख्येचा एवढा घात काढा: १.०६५८६.

९५०.० × १.०६५८६ = १०१२.६ हेक्टोपास्कल.

हेच तापमान २५ ऐवजी १० अंश घेऊन पाहा. उत्तर १०१६.० येतं. उपकरणातला दाब तोच, एकक तेच, उंची तीच, तरी ३.४ हेक्टोपास्कलचा फरक. थंड हवा जड असते, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या काल्पनिक स्तंभाचं वजन जास्त भरतं. म्हणूनच ‘आमच्या गावासाठी अमुक मिळवा’ असा एकच ठरलेला आकडा वर्षभर वापरला की हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात चूक होते. दमट हवेत बाष्पाची दुरुस्ती न केल्यानेही अर्धा-पाऊण हेक्टोपास्कल इकडचं तिकडे होतं. आणि उंचीच दहा मीटरने चुकली तर चूक १.१५ हेक्टोपास्कलची. आधी उपकरणाची स्वतःची उंची नीट शोधा, कितव्या मजल्यावर आहे ते धरून.

उंच पठारांवर हा हिशेब इतका डळमळीत होतो की सर्वाधिक दाबाचा जागतिक विक्रमही ७५० मीटरच्या खाली आणि वर असा वेगळा नोंदवतात. खालच्या गटातला विक्रम सैबेरियातल्या अगाता इथला: ३१ डिसेंबर १९६८, १०८३.८ हेक्टोपास्कल. सर्वात कमी दाबाचा विक्रम मात्र समुद्रावरच मोजला गेला. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी टिप या टायफूनच्या केंद्रात ८७० हेक्टोपास्कल. तिथे संदर्भाचा प्रश्नच आला नाही.

हवामान नकाशावर स्थानकाच्या खुणेशेजारी तीनच अंक दिसतात, तेही समुद्रसपाटीच्या दाबाचे. ५०० पेक्षा लहान असतील तर पुढे १० लावा, मोठे असतील तर ९, आणि शेवटच्या अंकाआधी दशांशचिन्ह द्या. १३२ म्हणजे १०१३.२ आणि ९८७ म्हणजे ९९८.७. तीव्र चक्रीवादळात ही रीत फसू शकते. ४०० म्हणजे १०४०.० की ९४०.० हे शेजारच्या स्थानकांवरून ठरवावं लागतं.

१०१५ कुठून आला

विमानाचा उंचीमापक जुळवण्यासाठी विमानतळ देतो तो हा आकडा, त्याला क्यूएनएच म्हणतात. तोही समुद्रसपाटीचाच, पण त्यात प्रत्यक्ष तापमान धरत नाहीत. प्रमाण वातावरणाचं (हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या वातावरणाचं) तापमान धरतात, ते समुद्रसपाटीला १५ अंश असतं. आपल्या उदाहरणात उत्तर १०१५.६ येतं. संदेशात अपूर्णांक सोडून क्यू १०१५ लिहितात. वर न नेता खाली आणण्यामागे सुरक्षेचा विचार आहे. लहान आकडा लावला की उंचीमापक खऱ्यापेक्षा किंचित कमी उंची दाखवतो, म्हणजे विमान प्रत्यक्षात थोडं वरच असतं.

अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये हाच आकडा इंच पाऱ्यात, ए अक्षरानंतर दशांशचिन्हाशिवाय लिहितात. ए २९९२ म्हणजे २९.९२ इंच. इथे एककाची चूक जिवावर बेतू शकते. नियंत्रकाने ‘नऊ नऊ दोन’ हेक्टोपास्कल सांगितलं आणि सवयीने वैमानिकाने २९.९२ इंच लावलं, तर उपकरणात ९९२ ऐवजी १०१३ बसले. २१ हेक्टोपास्कलची ही चूक म्हणजे सुमारे ५८० फूट. उंचीमापक दाखवतो त्यापेक्षा विमान तेवढं खाली असतं. म्हणून कमी दाबाच्या दिवशी आकड्याबरोबर एकक मोठ्याने उच्चारणं ही औपचारिकता नाही.

निर्द्रव वायुदाबमापक आणि सेन्सर

गोल तबकडीच्या निर्द्रव वायुदाबमापकात द्रव नसतो. हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी दाबाने चेपते आणि काटा फिरवते. १८४४ पासूनची ही रचना आहे. तबकडीवर बहुधा दोन वर्तुळं असतात, एक हेक्टोपास्कल किंवा मिलिबारचं, दुसरं मिलिमीटर किंवा इंचांचं. ‘वादळ’, ‘बदल’, ‘निरभ्र’ असे शब्द लिहिलेले असतील तर ते समुद्रसपाटीच्या दाबासाठी आहेत. ५६० मीटरवर न जुळवता टांगलं तर काटा कायम वादळाकडे.

जुळवायचं ते वारा शांत असताना. जवळच्या वेधशाळेचा त्याच तासाचा समुद्रसपाटीचा दाब घ्या, काचेवर हलकी टिचकी मारा, मागचा स्क्रू अगदी थोडा फिरवा, पुन्हा टिचकी मारून काटा कुठे स्थिरावतो ते बघा. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या दाबांना ताडा. एकाच दिवशी जुळणं पुरेसं नाही. दाब वाढल्यावर फरकही वाढत असेल तर दोष स्क्रूने जाणार नाही, तो डबीच्या ताठरपणात आहे. हजार मीटरच्या वरच्या गावांत साधं घरगुती उपकरण तेवढं सरकतच नाही. तिथे त्या उंचीसाठी बनवलेलंच लागतं.

मोबाइलमधले आणि छंद म्हणून जोडणीसाठी मिळणारे सेन्सर मूळ आकडा बहुधा पास्कलमध्ये देतात. पडद्यावर ९५००० आणि पुढे हेक्टोपास्कल दिसलं तर शंभराने भागायचं राहिलंय. बीएमपी २८० या प्रचलित सेन्सरची निरपेक्ष अचूकता एक हेक्टोपास्कलच्या आसपास, पण लहान बदल तो फार बारकाईने पकडतो. तपासायचं असेल तर तो घेऊन एक मजला चढा. तीन मीटरला साधारण ०.३६ हेक्टोपास्कल उतरले पाहिजेत. सेन्सर ठेवलेल्या डबीला छिद्र हवं, पण ते थेट वाऱ्याच्या तोंडी नको. सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा सरळ छिद्रावर आला तर ०.६ हेक्टोपास्कल खोटे वाढतात.

दाबावरून उंची काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ असा आधीच भरलेला असतो. आपल्या ठिकाणी तो ५६० ऐवजी ५४० मीटर दाखवेल. सेन्सर बिघडलेला नाही. वीस मीटरचा फरक त्या दिवशीच्या हवामानाचा आहे. मग बरेच जण हवामान वृत्तातला १०१२.६ भरतात आणि उत्तर आणखी बिघडून ५३५ येतं. या सूत्रात प्रमाण तापमान गृहीत आहे, म्हणून त्याला क्यूएनएचच द्यावा लागतो. १०१५.६ भरा, ५६० मिळतील.

नोंदवही कशी ठेवायची

वहीत किंवा फाइलमध्ये स्थानक दाबच साठवा, हेक्टोपास्कलमध्ये, एका दशांशापर्यंत. शेजारी तापमान, वेळ आणि वरच्या बाजूला एकदाच उपकरणाची उंची. समुद्रसपाटीचा दाब केव्हाही पुन्हा काढता येतो. फक्त तोच लिहिला आणि कोणतं तापमान धरलं होतं ते विसरलं, की परत मागे जाता येत नाही. उपकरण हलवलं तर त्या तारखेला नवी उंची लिहा.

बदल पाहायचा असेल तर तीन तासांपूर्वीचा आकडा वजा करा. उपकरणातली कायमची चूक या वजाबाकीत निघून जाते, त्यामुळे न जुळवलेला वायुदाबमापकही इथे कामाचा ठरतो. उष्ण कटिबंधात मात्र दाब रोज दोनदा आपसूक चढतो आणि उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली, आणि फरक दोन ते चार हेक्टोपास्कलचा. सकाळी दहाला १००८.० आणि दुपारी चारला १००५.० दिसलं म्हणून वादळ येत नाही. कालच्या दुपारी चारच्या रकान्याशी ताडून बघा, तिथे १००५.२ असेल तर फरक ०.२ चाच आहे.